धावण्याची अट

१९३० साली इंग्लंडमधल्या सनबीम मोटारसायकल क्लबने ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जुन्या मोटारसायकलींची एक फेरी काढली. तिचं नाव ‘पायोनियर रन’. मुख्य अट अशी की गाडी १ जानेवारी १९१५ च्या आधी तयार झालेली हवी. आज या फेरीत उतरणारी प्रत्येक गाडी शंभरी ओलांडलेली असते आणि जुन्या गाड्यांच्या जगात या फेरीचा मान मोठा आहे. १९३० मध्ये मात्र १९१४ सालची ट्रायम्फ जेमतेम सोळा वर्षांची होती. तिला कुणी वारसा म्हणत नव्हतं. परसातल्या शेडमध्ये अडगळीत पडलेली, भंगारातही फारसे पैसे न मिळणारी ती एक निकामी गाडी होती. इतक्या अलीकडच्या वस्तूला ऐतिहासिक ठरवावं असं कुणाला का वाटलं? आणि त्यासाठी प्रदर्शन न भरवता गाड्या रस्त्यावर पळवण्याचाच मार्ग का धरला? माझं म्हणणं असं आहे की त्या काळातल्या मोटारसायकली, त्या दुरुस्त करणारे हात आणि त्यांच्याविषयीची खात्रीची माहिती आज शिल्लक आहे, याचं सर्वांत मोठं श्रेय धावून दाखवण्याच्या या अटीला जातं. संग्रहालयांचं आणि श्रीमंत संग्राहकांचं काम मोलाचं आहे, पण ते या अटीच्या नंतर येतं.

ब्रायटनचा रस्ता निवडण्यामागे पूर्वपरंपरा होती. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी ब्रिटनमध्ये मोटारगाड्यांवरची जाचक बंधनं उठली, वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली आणि त्या आनंदात मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनला स्वारी नेली. १९२७ पासून जुन्या मोटारींनी त्या स्वारीची आठवण दरवर्षी जागवायला सुरुवात केली. मोटारसायकलवाल्यांनी तीन वर्षांनी तोच रस्ता धरला. काळाची मर्यादा मात्र त्यांनी आपल्या यंत्राचा इतिहास पाहून ठरवली, आणि ती फार नेमकी ठरली. १९१४ पर्यंतच्या कितीतरी मोटारसायकलींना क्लच नव्हता, गिअर नव्हता, किक नव्हती. इंजिनाच्या पुलीवरून निघालेला पट्टा थेट मागचं चाक फिरवायचा. गाडी सुरू करायची तर ढकलत धावायचं आणि इंजिनाने दम धरला की उडी मारून खोगिरावर बसायचं. चढावर ती धापा टाकू लागली की सायकलीसारखे पायडल मारून तिला हातभार लावायचा. अपवाद होते. आल्फ्रेड अँगस स्कॉट यांच्या टू-स्ट्रोक गाडीला पहिल्या महायुद्धाच्या कितीतरी आधीपासून दोन गिअर आणि किक होती, आणि त्याच गाडीने १९१२ व १९१३ ची सीनियर टीटी शर्यत जिंकली. पण सर्वसाधारण खरेदीदाराच्या हाती हे सारं एकत्र आलं ते युद्धामुळे. १९१५ मध्ये ट्रायम्फचं ‘मॉडेल एच’ निघालं: ५५० सीसी इंजिन, तीन गिअर, क्लच, किक. पायडल गेले ते कायमचे. सुमारे ३०,००० गाड्या सैन्याकडे गेल्या. युद्ध संपल्यावर मोटारसायकल म्हणून जे यंत्र लोकांना मिळालं, ते हाताळण्याची पद्धतच वेगळी होती. त्यामुळे १९३० मध्ये पंचविशीच्या आतल्या चालकाला १९१२ ची गाडी दिली असती, तर ती सुरू कशी करायची हे त्याला समजलं नसतं. सोळा वर्षांत एक आख्खी विद्या विस्मरणात चालली होती. पायोनियर रन काढणाऱ्यांनी हेच हेरलं. गाडी काचेआड ठेवून तिचा आकार राहिला असता, चालवण्याची रीत राहिली नसती.

ही रीत म्हणजे नेमकं काय, हे फेरीच्या आधीच्या हिवाळ्यात एखाद्या एकगिअरी ट्रायम्फची तयारी कशी होते ते पाहिलं की कळतं. सुरुवात बहुधा मॅग्नेटोपासून होते. त्या काळात आर्मेचरच्या तारांवर शेलॅकचं, म्हणजे लाखेचं, आवरण असायचं. शंभर वर्षांनी ते गरम झालं की मऊ पडतं, चिकट होतं. गाडी सकाळी थंडीत पहिल्या धक्क्यात सुरू होते, अर्धा तास सुरेख पळते आणि इंजिनाची ऊब मॅग्नेटोपर्यंत पोचली की ठिणगी नाहीशी होते. तासभर थांबलं, सगळं निवलं, की पुन्हा चालू. जागेवर उभी ठेवून पाच मिनिटं इंजिन फिरवून दाखवणाऱ्याला हा दोष आयुष्यभर कळणार नाही. पन्नास मैलांच्या वाटेवर तो लपत नाही. मग आर्मेचर उतरवून नव्या तारेने वाइंडिंग करायचं, कंडेन्सर बदलायचा, लोहचुंबकाला पुन्हा चुंबकत्व द्यायचं. पट्ट्याचं तंत्र वेगळंच. तो व्ही आकाराचा, २८ अंशांच्या पुलीत बसणारा. नवा पट्टा पहिल्या काही मैलांत ताणतो, म्हणून कापून आखूड करावा लागतो, आणि दोन टोकं जोडणारा आकडा जवळ ठेवावाच लागतो. सैल राहिला तर पावसात घसरतो, जास्त ताणला तर इंजिनाच्या बेअरिंगवर भार येतो. टायरच्या कडा रिमच्या आकड्यात हवेच्या दाबानेच बसलेल्या असतात. दाब कमी पडला तर टायर रिमवरून सुटू शकतो. तेल इंजिनात फिरून परत येत नाही, जळून जातं. चालकाने दर काही मैलांनी हातपंप दाबून नवं तेल द्यायचं आणि मागे वळून धूर पाहायचा: हलकी निळसर रेघ असली तर ठीक, काहीच नसलं तर इंजिन कोरडं चाललंय. हवा आणि पेट्रोल यांच्या दोन तरफा, ठिणगी लवकर की उशिरा याची तिसरी, व्हॉल्व्ह उचलण्याची चौथी. या चारही गोष्टी चढाच्या पायथ्याशी कशा मांडायच्या हे हातांना माहीत व्हावं लागतं. छापील पुस्तिका वाचून त्याचा अंदाज येतो, सवय येत नाही.

शिवाय आजच्या रस्त्यावर एक अडचण आहे जी १९१२ मध्ये नव्हतीच: सिग्नल. क्लच नसलेली गाडी तांबड्या दिव्याला उभी करायची म्हणजे इंजिन बंद करायचं, आणि हिरवा लागल्यावर मागच्या वाहनांच्या रांगेपुढे पुन्हा ढकलत पळायचं. अनेक वर्षं ही फेरी एप्सम डाउन्सच्या माळावरून सुटत आली आहे आणि वाटेत गावं, चौक, चढ सगळं येतं. साठी-सत्तरीतली माणसं हे हौसेने करतात. त्यांच्याकडे पाहताना मला वाटतं की ही निव्वळ गतकाळाची ओढ असती तर घरी बसून फोटो पाहणं सोपं होतं.

या अटीमुळे दुसरं जे घडलं ते जास्त महत्त्वाचं आहे. गाडी १९१५ च्या आधीची आहे हे ठरवायचं कसं? मालक सांगेल ते खरं मानलं तर फेरीला अर्थ राहत नाही. म्हणून तपासणी आली, समिती आली, प्रमाणपत्र आलं. इंजिनावरचा क्रमांक, चौकटीवरचा क्रमांक, कारखान्याच्या कॅटलॉगमधलं चित्र, त्या वर्षीच्या मोटारसायकल साप्ताहिकातली जाहिरात हे सगळं ताडून पाहण्याची शिस्त तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात लोखंड-पितळेच्या गरजेपायी जुनी यंत्रं मोठ्या प्रमाणावर भट्टीत गेली. त्यानंतर २८ एप्रिल १९४६ रोजी गिल्डफर्डजवळच्या हॉग्ज बॅक इथल्या एका कॅफेत सी. ई. ऊर्फ ‘टिच’ ॲलन यांच्या पुढाकाराने व्हिंटेज मोटारसायकल क्लब स्थापन झाला. या क्लबने आपली रेषा १९३० च्या अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांवर ओढली, आणि १९४९ पासून बॅनबरीची फेरी सुरू केली. त्या फेरीतला सनरायझिंग हिल हा चढ एकगिअरी गाड्यांची कसोटी पाहण्याबद्दल प्रसिद्ध आहे. पुढच्या काही दशकांत ब्रिटनचे मोटारसायकल कारखाने एकामागून एक बंद पडले. त्यांच्यापैकी अनेकांच्या विक्रीच्या आणि पाठवणीच्या नोंदवह्या या क्लबच्या ग्रंथालयात आल्या. अमुक क्रमांकाची गाडी कोणत्या तारखेला कारखान्यातून निघाली आणि कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे त्यामुळे आज सांगता येतं. ब्रिटिश औद्योगिक इतिहासाचा हा ऐवज वाचला, कारण काही माणसांना आपली गाडी फेरीत घेतली जाईल की नाही हे सिद्ध करायचं होतं. १९८३ मध्ये ब्रिटिश सरकारने जुन्या वाहन नोंदणीची दारं बंद केली, तेव्हा हरवलेला मूळ क्रमांक परत मागणाऱ्या मालकाला मान्यताप्राप्त क्लबची शिफारस आणायला सांगितलं. हौशी मंडळींच्या तपासणीवर सरकारी खात्याने विसंबावं, ही लहान गोष्ट नव्हे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गाडी धावायची म्हणजे झिजणार. झिजली की भाग बदलणार. मूळ ओतीव लोखंडाचा पिस्टन गेला, ॲल्युमिनियमचा आला. सिलिंडर बोअर झाला, बुश नवे झाले, टाकी नव्या पत्र्याची. पन्नास फेऱ्यांनंतर जे धावतंय ते १९१२ चं कितपत? संग्रहालयात स्थिर ठेवलेल्या गाडीचा मूळ रंग, मूळ स्क्रू, कारागिराच्या कानशीचे मूळ ओरखडेसुद्धा टिकतात, आणि पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाला तेच हवे असतात. हे मी मान्य करतो. एवढंच नव्हे, तर १९६० ते १९९० या काळात हौसेच्या नावाखाली जो विध्वंस झाला त्याचंही समर्थन करता येत नाही. शंभर टक्के सुस्थितीतला मूळ रंग ॲसिडने उतरवून आरशासारखा नवा चढवला गेला. हँडल आणि रिम क्रोमने चकाकू लागली. वास्तविक क्रोमचा मुलामा व्यापारी वापरात आला तोच १९२० च्या दशकाच्या शेवटी, आणि १९१२ च्या गाडीवर शोभतो तो निकेलचा किंचित पिवळसर, मऊ झळाळ.

पण हा विध्वंस कशासाठी झाला ते नीट पाहिलं पाहिजे. क्रोम आणि आरशासारखा रंग धावण्याच्या उपयोगाचा नव्हता. तो हिरवळीवर उभ्या गाड्यांना बक्षिसं देणाऱ्या स्पर्धांसाठी होता, जिथे परीक्षक इंजिन चालू करायलाही सांगत नाही. धावणाऱ्याची गरज वेगळी असते. त्याला आतला बुश नवा हवा असतो, बाहेरच्या टाकीवरचा झिजका रंग त्याच्या आड येत नाही. मूळ रंगावर तेलाचा हात फिरवून गाडी तशीच ठेवायची आणि फक्त यंत्र सुरक्षित करायचं, ही आज सर्वत्र मान्य होत चाललेली दृष्टी या मंडळींच्या स्वभावाला सहज पटणारी आहे. झिजणाऱ्या भागांबद्दल म्हणाल, तर पिस्टन आणि पट्टा बदलण्यासाठीच बनवलेले असतात. १९१२ चा मालकही ते बदलत होता. बदललेला भाग उघडपणे नोंदवला आणि काढलेला जपून ठेवला, तर अभ्यासकाचं काहीच जात नाही. ज्या गाडीचा मूळ रंग, मूळ जोडणी सर्व काही शाबूत आहे अशी एखादी दुर्मीळ गाडी संग्रहालयात स्थिर राहावी, हे मलाही योग्य वाटतं. सगळ्याच तशा ठेवाव्यात, हे पटत नाही.

संग्रहालय म्हणजे सुरक्षितता, या समजुतीलाही एक कटू उदाहरण आहे. १९८४ मध्ये बर्मिंगहॅमजवळ नॅशनल मोटारसायकल म्युझियम सुरू झालं. ब्रिटिश मोटारसायकलींचा असा संग्रह दुसरीकडे नव्हता. १६ सप्टेंबर २००३ रोजी तिथे आग लागली आणि काही तासांत तीनशेहून अधिक गाड्या जळाल्या. संग्रहालय पुढच्याच वर्षी पुन्हा उघडलं आणि जळून वितळलेल्या कितीतरी गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या. चौकट सरळ करणं, वितळलेल्या क्रँककेससाठी लाकडी साचा बनवून नवी ओतणं, सपाट टाकी जुन्या पद्धतीने डाग देऊन जोडणं, मॅग्नेटो भरणं ही कामं करू शकणारी माणसं २००३ मध्ये देशात होती, म्हणूनच हे शक्य झालं. ती का होती? कारण बंद गाड्यांच्या भरवशावर मॅग्नेटो भरणाऱ्या कारागिराचं पोट चालत नाही. त्याला दरवर्षी गिऱ्हाईक लागतं. हिवाळा आला की फेरीची तयारी करणारे शेकडो मालक ते पुरवतात. पट्टा, टायर, पुली यांचं नव्याने उत्पादन होतं तेही याच मागणीवर.

आणखी एक आक्षेप असा की कालमर्यादा लबाडीला आमंत्रण देते. १९१४ ची गाडी फेरीत येते, १९१५ ची येत नाही, म्हणजे पहिलीला भाव जास्त. मग एका गाडीचं इंजिन, दुसरीची चौकट आणि तिसरीची टाकी जोडून प्रमाणपत्र मिळवण्याचा मोह होणारच. तो होतो, आणि काही वेळा यशस्वीही होतो. पण लबाडी धरण्याचं शास्त्र याच रेषेमुळे उभं राहिलं. रेषा नसती तर खोट्या गाड्या कमी झाल्या नसत्या. त्या खोट्या आहेत हे ओळखणारे कमी झाले असते.

धावण्याची अट अति ताणली तर मात्र उलटते, हे अमेरिकेतल्या उदाहरणावरून दिसतं. १९१४ मध्ये एर्विन ‘कॅननबॉल’ बेकर यांनी इंडियन मोटारसायकलवर सॅन डिएगोहून न्यूयॉर्क साडेअकरा दिवसांत गाठलं होतं. त्यांच्या नावाने २०१० मध्ये किटी हॉक ते सांता मोनिका अशी, १९१६ च्या आधीच्या गाड्यांची, समुद्र ते समुद्र फेरी निघाली. धाडस म्हणून तिला तोड नाही. पण हजारो मैल, डोंगर, वाळवंट आणि पाठोपाठचे दिवस यांपुढे टिकायचं तर जुन्या आवरणात नवं इग्निशन, नवी बेअरिंग, जास्त दमदार ब्रेक घालण्याकडे चालकाचा कल जाणं साहजिक आहे. जे तंत्र त्या काळात अपुरं होतं, ते अपुरंच दिसलं पाहिजे. पन्नास मैलांच्या आतली, चालकाच्या कौशल्याने पुरी होणारी आणि मूळ मॅग्नेटोवर पार पडणारी फेरी जतनाच्या दृष्टीने मला अधिक योग्य वाटते.

आपल्याकडे हा विषय २०२१ पासून कायद्यात आला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, चौकट-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. क्रमांकाच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, फेरनोंदणी ५,००० रुपये. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांपुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. रॅलीला या यादीत जागा दिली हे फार चांगलं झालं. पण पन्नास वर्षं ही सरकती मर्यादा आहे. ती १९३९ ची नॉर्टन आणि १९७० च्या दशकातली येझदी एकाच रांगेत बसवते. पायोनियर किंवा बॅनबरीसारखी, यंत्राच्या इतिहासातल्या एखाद्या वळणावर ओढलेली पक्की रेषा आपल्याकडच्या फेऱ्यांनी स्वतःहून घ्यायला हवी. महायुद्धात सैन्यासाठी आलेल्या आणि नंतर लिलावात विकल्या गेलेल्या गाड्यांचा एक गट होऊ शकतो. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटचा आणि १९६० च्या दशकापासून म्हैसूरला बनलेल्या जावा-येझदीचा दुसरा.

हातांची उणीव आपल्याकडे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि लेथवर इंजिनाचे भाग घडवण्याची परंपरा पिढ्यांची आहे. मोडका नमुना समोर ठेवला तर त्यावरून नवा भाग उतरवणारा टर्नर महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत भेटतो. अडचण इंधनाची येईल. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता सगळीकडे मिळतं आणि इथेनॉल लाख विरघळवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शेब्लर कार्ब्युरेटरमधला लाख चढवलेला बुचाचा फ्लोट त्यात टिकत नाही. त्याला नवं आवरण देणं, टाकी रिकामी करून ठेवणं ही शिस्त लागेल. आणि जिची खरी वाण आहे ती गोष्ट म्हणजे नोंद. ‘मूळ स्वरूपात राखलेली’ हे नियमातले शब्द तपासायचे कशावर? इंजिन आणि चौकटीचे क्रमांक, कोणता भाग कधी बदलला, तो कुठे घडवला, काढलेला भाग कुठे आहे, ही माहिती प्रत्येक फेरनोंदणीच्या वेळी मालकाकडून लेखी घेतली आणि क्लबच्या जाणकारांकडून पडताळून घेतली, तर २०३१ मध्ये पहिली मुदत संपेल तेव्हा परिवहन खात्याकडे एमएच व्हीए मालिकेतल्या प्रत्येक दुचाकीचा दहा वर्षांचा वृत्तान्त असेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अर्जाला जोडलेला एक तक्ता पुरेसा आहे.